खानदेशात घरचा फिश टँक: पाणी तपासण्यापासून मे महिना काढेपर्यंत

फिश टँकबद्दल मिळणारे बहुतेक सल्ले मुंबई-पुण्याच्या पाण्याला आणि हवेला धरून असतात. मुंबईच्या नळाला तानसा-भातसाचं हलकं, म्हणजे कमी क्षारांचं पाणी येतं, तिथला उन्हाळा दमट असला तरी पारा पस्तिशीच्या आसपास राहतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, नळ दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या आसपास. तोच सल्ला इथे वापरला की पहिल्याच उन्हाळ्यात टँक रिकामा होतो आणि ‘आमच्याकडे मासे टिकतच नाहीत’ असं लोक म्हणायला लागतात. मासे नक्की टिकतात, फक्त ते आपल्या पाण्याला मानवणारे हवेत.

१. टँक घेण्याआधी पाणी तपासा

घरात पाणी कुठून कुठून येतं ते आधी लिहून काढा: नळ, बोअर, विहीर, आरओ. प्रत्येकाचा टीडीएस मोजा, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा. टीडीएस मीटर पेनाएवढा असतो, स्वस्त मिळतो आणि पुढे कायम लागतो. त्यासोबत पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते तपासा. बोअरचं पाणी बादलीत काढून ५-६ तास हवेचे बुडबुडे सोडून मगच पीएच घ्या. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ताज्या पाण्याचा पीएच खोटा कमी दिसतो आणि टँकमध्ये गेल्यावर चढतो.

टीडीएस ५०० च्या आत असेल तर पुढच्या यादीतले मासे बिनधास्त ठेवा. ९०० असेल तर आरओचं पाणी मिसळा. आरओ ५० आणि बोअर ९०० असं निम्मं-निम्मं केलं की ४७५ च्या आसपास येतं. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र कधीही टँकमध्ये घालू नका, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

इथे तीन फसगती होतात. पहिली, दुकानात मिळणारं पीएच कमी करायचं औषध. जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, ते पीएच धरून ठेवतं. औषध घातलं की पीएच उतरतो, एक-दोन दिवसांत परत चढतो, आणि या वर-खाली होण्यानेच मासे खचतात. स्थिर ८ हा डळमळत्या ७ पेक्षा कितीतरी चांगला. दुसरी, अपार्टमेंटमधल्या सॉफ्टनरचं पाणी. त्यात कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम येतं. साबणाला फेस येतो, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि वनस्पतींना ते मानवत नाही. तिसरी, वावरातल्या विहिरीचं पाणी ‘नैसर्गिक’ म्हणून थेट वापरणं. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीला खत भरपूर पडतं. अशा भागातल्या विहिरीत नायट्रेट आधीच जास्त असू शकतं, म्हणून त्याची चाचणी केल्याशिवाय ते पाणी घेऊ नका.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीचं क्लोरीन असतं. उघड्या बादलीत २४ तास बुडबुडे सोडून ठेवलं तर ते उडून जातं. घाई असेल तर हायपो वापरा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा आणि १० लिटर पाण्याला त्यातलं १ मिली घाला. पावसाळ्यात पाण्याला ब्लीचिंगचा वास जास्त येत असेल तेव्हा २ मिली.

पाणी प्लास्टिकच्या बादलीतच साठवा. तांब्याच्या हंड्यातलं पाणी टँकला नको. तांबं गोगलगायी आणि झिंग्यांना मारतं आणि माशांनाही चांगलं नाही.

२. टँकचा आकार आणि जागा

गोल बाऊल घेऊ नका. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं आणि लवकर घाण होतं. सुरुवातीला २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच असा टँक योग्य. खडी घालून, वरून दोन इंच मोकळे सोडून त्यात ५० ते ५५ लिटर पाणी बसतं. काच ६ मिमीची घ्या. काचवाल्याकडून बनवून घेत असाल तर सिलिकॉन कोणतं वापरणार ते आधी विचारा. बाथरूमसाठी बुरशीरोधक सिलिकॉन येतं, ते माशांना विष आहे. साधं, अ‍ॅक्वेरियमचंच हवं. जोड वाळायला तीन दिवस द्या, आंबट वास पूर्ण गेला पाहिजे. मग अंगणात टँक काठोकाठ भरून २४ तास ठेवा. गळायचा असेल तर तिथेच गळू द्या.

भरलेल्या टँकचं वजन ८०-८५ किलो होतं. प्लायवूडच्या शोकेसवर ठेवू नका, लोखंडी स्टँड घ्या आणि टँकखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घाला, म्हणजे काचेवर एकाच जागी ताण येत नाही.

जागा निवडताना आपल्या घरांचा विचार करा. स्लॅबच्या घरात पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत गरम असते, तिला टँक टेकवू नका. वरच्या मजल्यापेक्षा तळमजला चांगला, आणि धाब्याच्या जुन्या घरात जागा असेल तर ती सगळ्यात उत्तम. खिडकीतून थेट ऊन पडलं की पाणी हिरवं होतं. स्वयंपाकघर नको. मिरचीच्या फोडणीचा धूर पाण्यावर तेलाचा तवंग धरतो आणि त्याखाली हवा पोहोचत नाही.

३. सामान

– स्पंज फिल्टर, दोन कांड्यांचा, आणि ३ ते ५ वॅटचा एअर पंप
– पंपाच्या नळीला लावायचा चेक व्हॉल्व्ह
– चार्जिंगचा एअर पंप, लाईट गेल्यावर चालणारा
– थर्मामीटर
– ५० किंवा ७५ वॅटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर (उन्हाळ्यात टँक लावत असाल तर दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालेल)
– एलईडी लाईट
– थेंबांची टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच
– टीडीएस मीटर, हायपो, सायफनची नळी
– १५ लिटरच्या दोन बादल्या, फक्त टँकसाठी, साबण न लागलेल्या
– काचेला लावायचा छोटा क्लिप फॅन

दुकानदार मोटरचा पॉवर फिल्टर गळ्यात मारेल. तो वाईट नाही, पण आपल्याकडे स्पंज फिल्टर बरा. मोटर पाण्यात बुडालेली नसल्याने पाणी तापत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो, आणि बुडबुड्यांमुळे प्राणवायूची वेगळी सोय लागत नाही.

चेक व्हॉल्व्ह विसरू नका. पंप टँकच्या पाण्यापेक्षा खाली ठेवला असेल आणि लाईट गेली, तर पाणी नळीतून उलटं खाली येतं. पंप जळतो, फरशीवर पाणी होतं, बोर्ड खाली असेल तर शॉकचा धोका. सगळ्या वायरी आधी टँकच्या खाली लोंबू द्या आणि मग वर बोर्डाकडे न्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत जात नाही. पाण्यात हात घालण्याआधी सगळे स्विच बंद.

४. खडी, दगड, वनस्पती

दोन इंच थरासाठी १४-१५ किलो बारीक खडी लागते. गिरणा-तापीची बारीक खडी चालते, पण तिच्यात चुनखडीचे पांढरट खडे हमखास येतात. चमचाभर खडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, आधीच जड असलेलं पाणी ती आणखी जड करेल. दुकानातली पांढरी चमकदार खडीही बऱ्याचदा संगमरवराचीच असते. आपला काळा दगड मात्र निर्धोक, हवा तेवढा वापरा. सगळं स्वच्छ पाण्यात खळखळून धुवा, साबण किंवा फिनेल अजिबात नको.

वनस्पतींमध्ये व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट, अ‍ॅनुबियस आणि जावा फर्न जड पाण्यात चांगल्या वाढतात. व्हॅलिस्नेरिया तर पाण्यातलं बायकार्बोनेटच वापरते. अ‍ॅनुबियस आणि जावा फर्नचं जाड खोड खडीत पुरू नका, कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधा. पाटचारीतून किंवा धरणाच्या काठावरून वनस्पती आणली तर तिच्यासोबत चतुराच्या अळ्या आणि जळवा येतात, आणि चतुराची अळी लहान मासे पकडून खाते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात १० मिनिटं बुडवून, धुवूनच टँकमध्ये लावा.

दिवा दिवसाला ६ ते ८ तास. जास्त लावला की शेवाळ.

५. मासे न सोडता चार ते सहा आठवडे थांबा

नव्वद टक्के धीर इथेच लागतो, आणि बहुतेक नवे लोक इथेच चुकतात. आज टँक, उद्या मासे, आठवड्यात मासे मेले: कारण एकच असतं, अमोनिया.

मासे श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. फिल्टरच्या स्पंजमध्ये आधी एक प्रकारचे जीवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. मग दुसरे वाढतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. नव्या टँकमध्ये हे जीवाणू नसतात. आपल्या पाण्यात ही अडचण मोठी होते, कारण पीएच ७ ला जितका अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या जवळपास दहापट पीएच ८ ला असतो. हलक्या पाण्याच्या गावी जो मासा निभावून जातो, तोच इथे दोन दिवसांत वर तरंगतो.

म्हणून असं करा. पाणी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टँकमध्ये टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो. दर तीन दिवसांनी चाचणी घ्या आणि वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. मग नायट्राइट उतरून नायट्रेट दिसू लागेल. खाद्य रोज पडत असूनही सलग चार दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार झाला. अर्धं पाणी बदला आणि मग माशांकडे वळा.

ओळखीच्या कुणाकडे वर्षभर निरोगी चाललेला टँक असेल तर त्याच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा ओला ठेवून आणा आणि तुमच्या फिल्टरला बांधा. महिन्याचं काम दहा-पंधरा दिवसांवर येतं. त्याच्या टँकचं पाणी आणून उपयोग नाही, जीवाणू पाण्यात नाही, स्पंजवर असतात.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखं गढूळ होईल. ते आपोआप निवळतं, पाणी काढून टाकू नका.

६. कोणते मासे

जड पाणी खरोखर आवडणारे मासे आहेत: गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल. हिवताप विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी डबक्यांत सोडतो तोच गप्पी, त्याचा चिवटपणा आणखी सांगायला नको. झेब्रा डॅनियो आणि रोझी बार्ब हे आपल्याच देशातले मासेही जड पाणी सहन करतात. मात्र रोझी बार्बला तीन फुटी टँक द्या, आणि त्याला उष्णता कमी सोसते. बेटा म्हणजे फायटर एकटाच ठेवायचा, त्याला उष्णता चालते.

५० लिटरमध्ये सहा-सात प्लॅटी आणि सहा झेब्रा डॅनियो, किंवा दहा-बारा गप्पी, एवढंच. गप्पी नर-मादी मिळून घेतले तर एका नरामागे दोन माद्या ठेवा, आणि दर महिन्याला पिल्लं होणार हे धरून चाला. ते नको असेल तर फक्त नर घ्या. रंगही त्यांचेच देखणे.

निऑन टेट्रा, कार्डिनल, डिस्कस, रॅम हे हलक्या पाण्याचे मासे आहेत, इथे त्यांचा नाद सोडा. गोल्डफिश सगळ्यांना हवा असतो, पण तो थंड पाण्याचा मासा आहे, घाण खूप करतो आणि हातभर टँकमध्ये मे महिना काढू शकत नाही. आणि सकर: दुकानात दोन इंचांचा, ‘टँक साफ ठेवतो’ म्हणून देतात. तो दीड फुटाच्या आसपास वाढतो आणि साफ करतो त्याहून जास्त विष्ठा टाकतो. काच साफ करायला स्पंज आणि तुमचा हात पुरतो.

७. आणणं आणि सोडणं

शक्यतो गावातल्याच दुकानातून, तिथे निदान आठवडाभर राहिलेले मासे घ्या. ते आपल्या पाण्याला सरावलेले असतात. दुकानाच्या टँकमध्ये मेलेला मासा, अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके किंवा मिटलेले पंख दिसले तर त्या टँकमधला एकही मासा नको, दुसरा कितीही सुंदर असला तरी.

घरी आल्यावर दिवा बंद करा, पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगवा, मग तोंड उघडून पाऊण तासात थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला. मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत.

मुंबईहून, कुर्ल्याच्या बाजारातून पिशवीबंद मासे आणलेत तर पद्धत वेगळी. आठ-दहा तासांत पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच कमी असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवीच तरंगवून तापमान जुळवा, आणि उघडल्यावर पाच-दहा मिनिटांत मासे टँकमध्ये. अशा वेळी टँकचं पाणी आधीच आरओ मिसळून शक्य तितकं हलकं करून ठेवा.

निम्मे मासे आधी, उरलेले दहा दिवसांनी. सगळे एकदम सोडले तर जीवाणू कमी पडतात.

८. रोजचं आणि आठवड्याचं काम

खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. पोहे, मुरमुरे, पाव, बिस्कीट नको. डबा लहान घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा, आपल्या उन्हाळ्यात बाहेरचं खाद्य लवकर खवट होतं.

दर आठवड्याला एक बादली, म्हणजे साधारण पाव भाग पाणी बदला. सायफनने खडीतला गाळ ओढून घ्या. स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीन जीवाणू मारतं आणि सहा आठवड्यांची मेहनत मोरीत जाते. संपूर्ण टँक रिकामा करून घासणं हेही त्याच कारणाने घातक.

नवं पाणी आणि टँकचं पाणी यांच्या तापमानात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये दुपारी हात भाजेल असं असतं, आणि जानेवारीत पहाटे गारठलेलं. उन्हाळ्यात संध्याकाळी बादली भरून रात्रभर घरात ठेवा, सकाळी वापरा. हिवाळ्यात दुपारचं पाणी घ्या.

९. मे महिना

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्या आत. त्याच वेळी माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले की ही पहिली खूण समजा.

क्लिप फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा आणि वरचं झाकण काढून जाळी टाका. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. हा आपल्या हवेचा एक फायदा आहे, तो पुरता घ्या. पण दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडतं. ते भरून काढायला आरओचंच पाणी घाला. हिशोब बघा: आठवड्यात १० लिटर उडालं आणि ६०० टीडीएसचं पाणी घातलं, तर ६ ग्रॅम क्षार टँकमध्ये उरले. ५० लिटरमध्ये टीडीएस १२० ने चढला. दोन महिन्यांत मासे खाऱ्या पाण्यात पोहू लागतील.

बर्फ थेट टाकू नका. गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली दुपारी तरंगवता येते, पण थर्मामीटर बघत, तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू न देता. दिवा रात्री लावा, खाद्य निम्मं करा.

लाईट गेली की चार्जिंगचा पंप लगेच लावा आणि खाद्य बंद. मे महिन्यात दुपारी दोन तासही बुडबुड्यांशिवाय ठेवू नका. फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला असेल तर चालू करण्याआधी स्पंज काढून टँकच्या पाण्यात पिळा, नाहीतर आत कुजलेलं सगळं पाण्यात मिसळतं.

१०. पावसाळा आणि हिवाळा

पावसाळ्यात हवा दमट झाली की फॅनचा उपयोग घटतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो. काळजी पाण्याची घ्या: नळाला गढूळ पाणी येतं, ते दोन दिवस निवळू द्या. आणि पालिकेची धूर फवारणी. डासांची औषधं माशांना अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद, टँकवर ओलं कापड, धूर ओसरेपर्यंत पंप बंद. घरातले स्प्रे, कॉइल, लिक्विड मशीन टँकच्या खोलीत नकोतच. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने हात कोपरापर्यंत साबणाने धुवून, पुन्हा साध्या पाण्याने धुतल्याशिवाय टँकला हात लावू नये.

नोव्हेंबरपासून हीटर २५ अंशांवर लावा. दिवसा २८, पहाटे १८ अशा झोक्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा आजार पटकन धरतो. आला तर दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, बुडबुडे वाढवा, लिटरमागे २ ग्रॅम मीठ तीन वेळा विभागून पाण्यात विरघळवून घाला, आणि ठिपके गेल्यावरही असं एकूण दोन आठवडे चालू ठेवा. काही वनस्पतींना मीठ सोसत नाही, त्या आधी बादलीत काढा. मेथिलिन ब्ल्यू हे माशांचं निळं औषध मुख्य टँकमध्ये ओतू नका, फिल्टरच्या जीवाणूंना मारतं. पाणी बदलताना हीटर १५ मिनिटं आधी बंद करा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते.

११. मासे जास्त झाले तर

गप्पींची पिल्लं वाढली किंवा कुणी सकर गळ्यात घातला, तर तो वाघूर, गिरणा, तापी किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. सकर नदीत जगतो, वाढतो, काठ पोखरतो आणि स्थानिक माशांची अंडी खातो. मासेमारी करणाऱ्यांची जाळी फाडतो. दुकानदाराला परत द्या, बहुतेक जण फुकट घेतात. गप्पींची पिल्लं शेजारच्या घरातल्या सिमेंटच्या हौदात द्या. हौद उपसायच्या आधी ती काढून घ्यायला मात्र सांगून ठेवा.